मेर्जिमेकची अब्रू

साल एकोणीसशे अडुसष्ट. त्या वर्षी जगात पुष्कळ उलथापालथी झाल्या असं माझी नात सांगते. ती शाळेत इतिहास शिकवते, तेव्हा खरंच असेल. माझ्यापुरतं विचाराल तर त्या वर्षी एकच गोष्ट घडली. अंकारात, जेबेजी भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्या डोक्यावर राहणाऱ्या शुकुफे हानमच्या पांढऱ्याशुभ्र मांजरीला चार पिल्लं झाली. दोन पांढरी, एक काळंपांढरं आणि एक नारिंगी.

नारिंगी पिल्लू होणं हा काही गुन्हा नाही. पण अख्ख्या इमारतीत नारिंगी बोका एकच होता, आणि तो आमच्या घरात होता.

त्याचं नाव मेर्जिमेक, म्हणजे मसूर. सोललेल्या मसुरीच्या डाळीचा रंग, त्यावर गडद पट्टे, शेपटीला कडी आणि कपाळावर कोणीतरी घाईघाईत सही केल्यासारख्या रेघा. दिसायला रुबाबदार होता, हे मी नाकारत नाही. पण आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी जे काही केलं ते प्रेमापोटी केलं असं कोणाला वाटेल: मला तो बोका आवडत नव्हता. मी उशांचे अभ्रे इस्त्री करून ठेवले की तो त्यांवर जाऊन बसे. जुन्यावर कधी नाही. त्यालाही मी आवडत नव्हते, त्यामुळे आमचे संबंध तसे सरळ होते.

बोका माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यावर रेफिकबाबा सिवासहून आमच्याकडे राहायला आले ते एक बॅग, एक रेल्वेचं खिशातलं घड्याळ आणि टोपलीत हा मेर्जिमेक घेऊन. सिवासच्या रेल्वेच्या धान्य गोदामावर त्यांची सारी नोकरी झालेली. आमच्याशी ते दिवसाकाठी "मीठ दे" आणि "खिडकी लाव" एवढंच बोलत. बोक्याशी मात्र तासन्‌तास. दाराआडून ऐकलं तर वाटावं, आत दोन जुने सहकारी बसून वरिष्ठांची उणीदुणी काढताहेत.

शुकुफे हानम, म्हणजे शुकुफेबाई, कर्नलच्या विधवा. कर्नल गेले होते, पण त्यांचा हुद्दा घरातच राहिला होता. त्यांची मांजर इंजी, म्हणजे मोती, अस्सल अंकारी जातीची. लांब केस, एक डोळा निळा, एक मधासारखा. निळ्या डोळ्याकडच्या कानाने तिला ऐकू येत नसे, म्हणून बाईंनी तिला त्या बाजूने हाक मारली की ती सरळ पुढे निघून जाई आणि बाई म्हणत, "बघा, किती मानी आहे." त्या काळी अंकाराच्या हिवाळ्यात दगडी कोळशाचा धूर असा बसे की दोरीवर पांढरी चादर टाकावी आणि करडी काढावी. तरी इंजी पांढरी असे, कारण दर शुक्रवारी तिला साबणाने न्हाऊ घालून शेवटच्या पाण्यात थेंबभर नीळ टाकली जाई. माझ्या लग्नातल्या पडद्यांना एवढी नीळ मिळाली नव्हती.

मार्च हा आमच्याकडे मांजरांचा महिना. त्या मार्चात इंजी जिन्यावरून निसटली आणि दोन दिवसांनी तळघरातल्या कोळशाच्या खोलीत सापडली. नाकापासून शेपटीपर्यंत काळी. शुकुफे हानमनी तिला आधी ओळखलंच नाही, "शूक, शूक" करून हाकललं. मग डोळे दिसले. न्हाऊ घालून इंजी पुन्हा पांढरी झाली आणि बाईंना वाटलं, विषय संपला. विषय मे महिन्यात टोपलीत येऊन पडला.

या पिल्लांवर बाईंची मोठी भिस्त होती. जावई देशाच्या पार पूर्व टोकाला, कार्सला इंजिनिअर, तिथे बर्फ आणि हंस यांपलीकडे काही नाही, लेक रडून पत्रं लिहायची. जावयाच्या खात्याच्या सचिवांच्या बायकोला दोन रंगांच्या डोळ्यांचं पांढरं पिल्लू हवं होतं. पिल्लू पोचलं की जावयाची बदली अंकाराला, असा सरळ हिशेब. जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात, त्यामुळे पांढऱ्या दोघांचं पुढे काय होणार ते कळत नव्हतं. पण नारिंगीचं कळत होतं. सचिवांच्या बायकोने ती टोपली पाहिली तर अस्सलपणाचं काय राहणार?

दुसऱ्याच सकाळी आमची घंटा वाजली. दारात शुकुफे हानम, हातात लेसचा रुमाल, रुमालात काहीतरी वळवळणारं.

"निगार हानम," त्या म्हणाल्या, "हा घ्या तुमचा नातू."

मी भांडी घासत होते. ओल्या हाताने काय बोलणार. म्हटलं, "शुकुफे हानम, रंगावरून कोणाला असं..."

"रंगावरून नाही तर कशावरून? माझ्या मांजरीच्या खानदानात सात पिढ्या पांढऱ्या आहेत. तुमचा तो गोदामातला बोका रोज कोळशाच्या खोलीत जातो, जातो की नाही?"

जात होता. तिथे तो भुकटीत खड्डा उकरायला जात असे, पण कशासाठी ते सांगणं मला त्या वेळी सभ्यपणाचं वाटलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नसे, पाण्यासारखा सगळ्या मजल्यांवरून आपोआप झिरपायचा. पहिल्या मजल्यावरच्या हाजेरमावशी, वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांचं म्हणणं की यात बोक्याचा संबंधच नाही. "गर्भारपणात डोळ्यासमोर जे असतं तेच लेकरात उतरतं," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीने चोरून तुती खाल्ली, मुलाच्या मानेवर आजही तुती आहे. इंजी सगळा हिवाळा कशावर बसली होती?"

इंजी सगळा हिवाळा शुकुफे हानमच्या नारिंगी सॅटिनच्या रजईवर बसली होती. कर्नलसाहेबांच्या लग्नातली रजई.

"म्हणजे माझी रजई बाप?" शुकुफे हानम थंडपणे म्हणाल्या.

"मी आपलं सांगितलं. पुढच्या वेळी पांढऱ्या चादरीवर बसवा आणि दही द्या."

याच हाजेरमावशी नेहमी सांगत की पट्ट्यांच्या मांजराच्या कपाळावर प्रेषितांचा हात फिरलेला असतो, त्या त्याच बोटांच्या खुणा, अशा मांजराला घराबाहेर काढणाऱ्याचं भलं होत नाही. मला हे ऐकून फार आधार वाटला होता. मग इमारतीची सभा भरली आणि मेर्जिमेकला घराबाहेर काढावं या बाजूने पहिला हात हाजेरमावशींचा वर गेला. नंतर जिन्यात मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, सगळ्यांचे वर जाणारच होते. एकटीचा खाली कशाला ठेवू?"

इमारतीचा कारभार तहसीन बेय, म्हणजे तहसीनसाहेब, पाहत. अर्थखात्यातून निवृत्त झालेले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी जिन्यात टंकलिखित सूचना लावली: महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या मजल्यावरील नारिंगी नर मांजराने इमारत सोडावी. बोक्याला वाचता येत नसल्याने एक प्रत आमच्या दारावर.

त्या दिवशी जेवताना बाबा बोलले. मीठही मागितलं नव्हतं, तरी बोलले. "तो जाईल तिकडे मी जाईन. सिवासचं घर अजून उभं आहे."

एवढंच. आणि उठून गेले.

आता माझी अवस्था पाहा. सत्तरी उलटलेला माणूस, संधिवाताने गुडघे धरलेले, सिवासच्या थंडीत रिकाम्या घरात एकटा. आणि लोक काय म्हणणार? मांजरीला पिल्लं झाली म्हणून गेला असं कोण म्हणणार? सुनेने काढलं. एस्किशेहिरला माझी नणंद हे वाक्य ओठांवर तयार ठेवून गेली तीन वर्षं बसली होती. फक्त निमित्त हवं होतं. तेव्हा ज्या बोक्याला मी स्वतः शंभरदा बाहेर काढायला निघाले होते, त्याच्या बचावासाठी आता मलाच कंबर कसावी लागली. माणसाला एवढं चिडवायला देवाकडेही दुसरा मार्ग नसेल.

आमचे मुअम्मेर बेय, म्हणजे माझे यजमान, जमीन नोंदणी कचेरीत. जगातला कुठलाही वारसा कागदाने सिद्ध होतो आणि कागदानेच फेटाळला जातो, ही त्यांची श्रद्धा. "पितृत्व हा पुराव्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले आणि जनावरांच्या सरकारी तपासणी कचेरीला अर्ज लिहायला बसले. अर्ज सुंदर होता. कचेरीच्या फाटकावर मात्र सांगितलं की रोग नसल्याचा दाखला असल्याशिवाय जनावर आत येऊ शकत नाही.

"दाखला कुठे मिळतो?"

"आत."

"जनावराला न पाहता?"

"जनावराला पाहून."

मुअम्मेर बेय यावर चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एका कलावंताने दुसऱ्याचं काम पाहावं तसं कौतुक आलं. शेवटी तडजोड निघाली: जनावरांऐवजी फोटो चालतील.

फोटो म्हटल्यावर शुकुफे हानम विरोधी पक्ष असूनही स्वतः तयार झाल्या. मोत्यांची माळ घालून आल्या. सामी फोटोग्राफरच्या दुकानात मागे पडद्यावर रंगवलेली बोस्फोरसची सामुद्रधुनी होती, पुढे बाकडं. "मांजरं एकटी बसत नाहीत," सामी म्हणाला, "बाई, तुम्ही धरा." तेव्हा बाकावर डावीकडे शुकुफे हानम आणि फिर्यादी इंजी, उजवीकडे मी आणि आरोपी, मध्ये टोपलीत पुरावा. मेर्जिमेकने माझ्या करड्या कोटाच्या अस्तरात नखं रोवली होती. सामी म्हणाला, "हसा." मी हसले. तसलं हसू मी नंतर फक्त दाताच्या डॉक्टरकडे हसले आहे.

फोटो आला आणि मग आमच्या लक्षात आलं की तो काळापांढरा आहे.

हे आम्हाला आधी का सुचलं नाही, मला विचारू नका. तेव्हा सगळेच फोटो काळेपांढरे असत. लग्नाचे, सुंतेचे, पासपोर्टचे. आपण रंगाचा पुरावा काढायला चाललो आहोत हे तीन शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फोटोत आरोपी करडा होता आणि नारिंगी पिल्लूही करडं. शुकुफे हानमचा कोट, जो हिरवा होता, तोही त्याच करड्या रंगाचा. त्या पुराव्यावर पिल्लाचा बाप तो कोटही ठरला असता.

"मग मी हाताने रंगवून देतो की," सामी म्हणाला. "नवरीचे फोटो रंगवतोच. कुठला रंग हवा?"

"जो आहे तो," मी म्हटलं.

त्याने आपल्या मनाने रंगवलं. इंजीचे दोन्ही डोळे निळे केले, कारण सारखे बरे दिसतात. मेर्जिमेकला नवरीच्या ओठांसाठी ठेवलेला लाल फासला. मला आणि शुकुफे हानमला गुलाबी गाल दिले, आणि सवयीने हात गेला असावा, मांजरांनाही दिले.

कचेरीतल्या कारकुनाने फोटो उलटासुलटा पाहिला. "हे चित्र आहे," तो म्हणाला. "अर्जाला फोटो लागतो." महिना संपायला आठवडा उरला होता.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर माझी मान निदान जिन्यात तरी वर राहिली असती. पण सामीला स्वतःचं काम इतकं आवडलं की त्याने त्याची मोठी प्रत काढून दुकानाच्या काचेत लावली, बाजारपेठेच्या ऐन तोंडाशी. खाली पाटी: "सुखी कुटुंबाची आठवण." भाजीवाला मला म्हणाला, "ताई, बहीण का तुमची? गाल अगदी सारखे." मी पाच दिवस मागच्या गल्लीने बाजारात गेले.

या सगळ्यात एकच माणूस खुलत चालला होता, आणि ते होते बाबा. आधी मला वाटलं, दुःखाने माणूस विचित्र वागतो. रोज दाढी करू लागले. मिशांना तेल लावू लागले. दुपारी चहाच्या दुकानात जाऊन दोन-दोन तास बसू लागले. नंतर कळलं की तिथल्या म्हाताऱ्यांनी मेर्जिमेकच्या पराक्रमाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं होतं. "कर्नलच्या घरात शिरला, शाबास," असं. बाबा फक्त टोपी थोडी तिरकी करत. एकदा घरी बोक्याला सांगताना मी ऐकलं, "बोलू दे त्यांना. बोलू दे, बाळा." मला वाटलं, सांत्वन चाललंय.

महिना संपायच्या आधीच्या शुक्रवारी दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. हातात टोपी. जनावरांच्या डॉक्टरांच्या महाविद्यालयात आनुवंशिकता शिकवणारे नुझहेत होजा, म्हणजे नुझहेत गुरुजी. "माफ करा," ते म्हणाले, "बाजारात तुमचं कौटुंबिक चित्र पाहिलं. पांढऱ्या आईच्या टोपलीत नारिंगी आणि काळंपांढरं पिल्लू आहे, ते खरं, की चित्रकाराची हौस?"

खरं आहे, म्हटलं. हे खरं असण्यानेच आमचा जीव खाल्ला आहे. होजांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना मुलगा झाल्याचं सांगितलं. वर जाऊन त्यांनी पिल्लं उलटीपालटी करून पाहिली. "नारिंगी तो मुलगा," ते म्हणाले, "काळीपांढरी मुलगी. अतिशय उत्तम." मग खाली येऊन मेर्जिमेककडे वळले.

बाबा, ज्यांचे गुडघे उठताना तीनदा विचार करत, ते ताडकन उठले आणि बोका उचलून छातीशी धरला. "याला मी दाखवतो. गॅलरीत या." दोघं गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. काचेतून मला दिसत होतं: बाबा काहीतरी बोलत होते, होजा ऐकत होते, मग होजांनी सिगारेट पेटवून बाबांना दिली आणि स्वतःची टोपी छातीशी धरली. परत आले तेव्हा म्हणाले, "याला तपासायची गरज नाही. रंगच पुरेसे आहेत."

रविवारी तहसीन बेयच्या दिवाणखान्यात सभा भरली. तो दिवाणखाना एरवी बंद असे, आणि सोफ्यांवर आमच्या सगळ्यांच्याच घरी असत तशा पांढऱ्या खोळी. होजांनी त्या खोळीवरच हात ठेवला.

"मांजराचा पांढरा रंग हा रंग नव्हे," ते म्हणाले. "ही खोळ आहे. आत लाल मखमल असेल, हिरवं रेशीम असेल, ज्याने खोळ काढली त्यालाच ठाऊक. इंजी हानम खोळीच्या आत पांढऱ्या नाहीत. त्या नारिंगी आणि काळ्या ठिगळांच्या आहेत, रस्त्यावरच्या तिरंगी मांजरींसारख्या."

शुकुफे हानम उभ्या राहिल्या. "माझ्या मांजरीच्या आत काहीही नाही."

"आहे, बाईसाहेब, आणि फार सुंदर आहे. तिची काही पिल्लं बिनखोळीची जन्मली, म्हणून दिसलं. आता ऐका. नारिंगी रंग मुलाला बापाकडून मिळतच नाही. तो आईकडूनच येतो. तेव्हा हा नारिंगी मुलगा ही आईची करामत. बाप मात्र आपला नारिंगी आपल्या मुलीला देतोच देतो, त्यात सुटका नाही. आता ही काळीपांढरी मुलगी पाहा. खोळ नाही, आणि अंगावर नारिंगी केस एकही नाही. म्हणजे हिचा बाप नारिंगी नाही. मेर्जिमेक बेय निर्दोष आहेत."

मुअम्मेर बेयनी टाळी वाजवली. मला वाटलं, सुटलो. बाबांच्या मांडीवर मेर्जिमेक पंजा चाटत होता, जणू त्याला हा निकाल अपेक्षितच होता.

"होजा," हाजेरमावशी म्हणाल्या, "आमच्या गावी एक मांजर होती. तिच्या एका वेताला तीन बाप होते, अख्ख्या गावाला माहीत होतं. असं होतं का हो, की आमच्याच गावचं पाणी वाईट?"

होजांनी चष्मा पुसला. खोटं बोलता न येणारा माणूस किती दुःखी दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. "होतं," ते म्हणाले.

"मग काळी त्याची नसेल," शुकुफे हानम लगेच म्हणाल्या. "बाकीची तिघं? तो नारिंगी?"

"त्याचा रंग आईचा..."

"रंग आईचा, पण बाप कोण?"

"रंगावरून सांगता येणार नाही," होजा म्हणाले आणि बाबांकडे बघू लागले.

तहसीन बेयनी घसा साफ केला. पूर्वीचा ठराव कायम ठेवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. हाजेरमावशींचा हात पुन्हा पहिला, माझ्याकडे माफीची नजर टाकून. मग दुसरा. मग शुकुफे हानमचा, अंगठ्यांसकट.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "जरा इकडे ये."

बोका काखेत घेऊन ते मला तहसीन बेयच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. तिथे, वांग्यांच्या पातेल्याशेजारी उभं राहून, त्यांनी मला जमिनीकडे बघत ते सांगितलं. सिवासच्या गोदामात उंदीर फार. बोके मार्चमध्ये भटकायला जात आणि धान्य फस्त होई. म्हणून गोदामाच्या प्रत्येक बोक्याला लहानपणीच जनावरांच्या डॉक्टरकडे... एवढं बोलून त्यांनी हाताने हवेत काहीतरी कापल्यासारखं केलं, आणि पटकन मेर्जिमेकच्या कानांवर हात ठेवले.

मी म्हटलं, "बाबा, पहिल्या दिवशीच सांगायचं नाही का? फोटो, कचेरी, माझे गाल... तुम्ही सिवासला निघाला होतात."

"चारचौघांत कसं सांगू? बायामाणसांसमोर?" ते म्हणाले. "त्यालाही मान आहे. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याबद्दल असं काही बोलत होते. मी म्हटलं, जाऊ आपण सिवासला, पण नाव घेऊन जाऊ." थांबून म्हणाले, "होजांना सांगितलं, बाप्याला बाप्याने सांगावं तसं. ते म्हणाले, रंगांवरच सोडवतो, त्याला धक्का लागू देत नाही. आता नाही जमलं. माझ्याने बोलवणार नाही, पोरी. तू सांग. पण असं सांग की त्याची मान खाली जायला नको."

तीन वर्षांत ते माझ्याशी बोलले होते त्याहून हे जास्त होतं.

मी दिवाणखान्यात परत गेले. दहा माणसं खोळींवर बसलेली, निम्मे हात वर. माझी आई म्हणायची, चांगल्या घरच्या बाईच्या तोंडी काही शब्द येत नाहीत. खरं आहे. पण चांगल्या घरची बाई सरकारी नोकराशी लग्न करून बारा वर्षं नांदली असली तर तिच्या तोंडी दुसरे शब्द येतात.

"एक माहिती सभेपुढे ठेवायची आहे," मी म्हटलं. "मेर्जिमेक सिवासला रेल्वेच्या सेवेत होता. तिथल्या नियमानुसार, फार लहान वयात, वैद्यकीय कारणास्तव, त्याला सेवेच्या एका शाखेतून मुदतपूर्व निवृत्त करण्यात आलेलं आहे."

त्या खोलीत अर्थखातं होतं, टपालखातं होतं, जमीन नोंदणी होती. प्रत्येकाला निवृत्तीचा अर्थ कळत होता. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. पुरुषांनी पाय जवळ घेतले.

तहसीन बेयनी चष्मा काढला. "पूर्णतः?" त्यांनी हळू विचारलं.

"पूर्णतः," होजा म्हणाले. "पेन्शनशिवाय."

हाजेरमावशींना कळलं नव्हतं. शेजारणीने कानात सांगितलं. "अरेरे," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याला किती बोलले."

तहसीन बेय उठले, बाबांपाशी गेले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, मयताच्या घरी भेटायला गेल्यावर धरतात तसा. मग सभेकडे वळून म्हणाले, "ठरावात असं लिहावं की रंगांच्या शास्त्रानुसार निर्दोष. बाकी जे बोललं गेलं ते या खोलीबाहेर जाणार नाही. चहाच्या दुकानात तर मुळीच नाही."

सगळ्या पुरुषांनी मान डोलावली. इमारतीच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकमेव ठराव.

"ते ठीक आहे," शुकुफे हानम म्हणाल्या. "पण मग कोण?"

नेमका त्याच वेळी आतल्या खोलीतून तहसीन बेयचा बोका कोन्त आळस देत बाहेर आला. काळा कुळकुळीत, छातीवर पांढरा सदरा, चारी पायांत पांढरे मोजे. दिवाणखान्याच्या मधोमध येऊन तो बसला आणि आम्हा सगळ्यांकडे पाहू लागला. टोपलीतल्या काळ्यापांढऱ्या मुलीकडे आम्ही पाहिलं. तेच मोजे.

"सभा संपली," तहसीन बेय म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन्ही पांढऱ्या पिल्लांचे डोळे पिवळे झाले, चारही. सचिवांच्या बायकोने टोपली पाहिली आणि नारिंगी उचललं. म्हणाली, पांढरी तर मला सगळेच आणून देतात. शुकुफे हानमच्या जावयाची बदली झाली, पण एर्झुरुमपर्यंतच, कार्सहून जेमतेम पुढे. बाईंनी इंजीला पुढेही दर शुक्रवारी न्हाऊ घातलं, पण नीळ टाकणं सोडलं. तहसीन बेयनी कोन्तबद्दल कधीच काही मान्य केलं नाही. मात्र शुकुफे हानमचा कोळसा त्यानंतर तेच वर पोचवायला लागले, आणि दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. सोफ्यांच्या खोळी बाईंनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. आत हिरवं रेशीम होतं.

हाजेरमावशी अदानाला लेकीकडे गेल्या आणि शेवटपर्यंत सांगत राहिल्या की ते रजईमुळेच झालं. मुअम्मेर बेयच्या अर्जाचं उत्तर पुढच्या वर्षी आलं: अर्जदाराने जनावरासह हजर राहावं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. आता तेही नाहीत. सामीच्या दुकानाच्या जागी चपलांचं दुकान झालं तोवर आमचं सुखी कुटुंब काचेतच होतं, उन्हाने गाल उडेपर्यंत.

नुझहेत होजा दर सणाला बोक्यासाठी कागदात कलेजी बांधून आणत आणि बाबांशी फाशांचा डाव मांडून बसत. मेर्जिमेक अठ्ठ्याहत्तर साल बघून गेला. बाबांनी त्याला मागच्या अंगणात आयवाच्या, म्हणजे पेरूसारख्या पिवळ्या आंबट फळाच्या झाडाखाली पुरलं. चहाच्या दुकानातले म्हातारे सांत्वनाला आले तेव्हा बाबा म्हणाले, "मागे पुष्कळ लेकरं ठेवून गेला." मी चहा ओतत होते. ओतत राहिले. बाबा त्यानंतर दोन वर्षं होते, आणि एस्किशेहिरची नणंद ते वाक्य शेवटपर्यंत म्हणू शकली नाही.

ती काळीपांढरी मुलगी बाबांनी आमच्याकडे आणली होती. तिच्या वंशातली एक आत्ता माझ्या इस्त्री केलेल्या अभ्र्यांवर बसली आहे, अगदी मोज्यांसकट. कोणी विचारलं तर मी सांगते, हिच्या घराण्याची मूळ आई, ती काळीपांढरी, मेर्जिमेकची लेक. परवा लस टोचायला एक तरुण डॉक्टरीण आली होती, हुशार मुलगी. म्हणाली, "आजी, तसं होऊ शकत नाही. बाप नारिंगी असेल तर मुलीत तो रंग यायलाच हवा. शास्त्र आहे ते."

म्हटलं, "बाळ, रंगाचं काय घेऊन बसलीस. तू मेर्जिमेकला पाहिलं नव्हतंस."